टाकीवरचा दिवा

माशांच्या दुकानात टाकी, खडे, पंप, फिल्टर विकताना दुकानदार सरळ बोलतो. दिव्यापाशी आला की त्याचा सूर बदलतो. "मॅडम, हा फुल स्पेक्ट्रम. हा आरजीबी, रिमोटवाला. ह्याच्यात मूनलाइट मोड येतो. झाडं लावणारे का?" नाही म्हटलं की त्याचा उत्साह ओसरतो. खोके परत फळीवर ठेवत तो म्हणतो, "मग कुठलापण लावा. काय फरक पडत नाय."

झाडांच्या टाकीच्या दिव्यावर माणसं रात्र रात्र वाद घालतात. बिनझाडाच्या टाकीच्या वाट्याला हे एवढं एकच वाक्य येतं. आणि आपल्याकडच्या घरांतल्या, दवाखान्यांतल्या, सोनारांच्या दुकानांतल्या बऱ्याच टाक्या बिनझाडाच्याच. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे मोठे मासे झाड मुळासकट उपटतात, गोल्डफिश ते खाऊन टाकतो. आमच्या डोंबिवलीच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी आहे, 54 लिटरची, आणि तिच्यात गोल्डफिशच आहेत. हिरवं काही सोडलं की संध्याकाळपर्यंत नुसते देठ उरतात.

दुकानदाराचं म्हणणं तसं खोटं नाही. झाडं असली की दिवा झाडांच्या भुकेवर ठरतो. झाडं काढली की दिव्याचे दोनच धनी उरतात: पाण्यातले मासे आणि सोफ्यावर बसलेले आपण. दोघांना लागणारा उजेड एक नाही, आणि पैसे मोजणारा एकच आहे. त्यामुळे बिनझाडाच्या टाकीसाठी म्हणून खपवला जाणारा जवळजवळ प्रत्येक दिवा आपल्या डोळ्यांसाठी केलेला असतो आणि माशाच्या नावावर विकला जातो. मला त्यात वावगं वाटत नाही. टाकी आपण बघायलाच आणतो. फक्त पावती कुणाच्या नावाने फाटतेय हे माहीत असलेलं बरं.

हा मामला जुना आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली माशांचं घर उघडलं तेव्हा विजेचे दिवे नव्हतेच. काचेच्या टाक्या होत्या आणि जो काय उजेड येईल तो बाहेरून. पुढे विल्यम ॲल्फर्ड लॉइड ह्या गृहस्थांनी हॅम्बर्गचं मत्स्यालय उभं केलं, 1864 मध्ये, आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं. त्या काळच्या मत्स्यालयांत एक युक्ती रूढ झाली. बघणाऱ्यांची वाट अंधारी ठेवायची आणि उजेड फक्त टाक्यांवर वरून पडू द्यायचा. म्हणजे काचेत आपलंच प्रतिबिंब दिसत नाही आणि मासा उठून दिसतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात लहानपणी गेलेल्यांना तो काळोखा बोळ आठवेल. शाळेच्या सहलीतली पोरं काचेला नाक लावून उभी, बाई मागून ओरडतायत "पुढे चला", आणि आत एखादं कासव निवांत. माणूस अंधारात आणि मासा उजेडात, ही मांडणी तेव्हापासून आपल्या डोक्यात बसलेली आहे. संध्याकाळी हॉलचे दिवे घालवून टाकीचा दिवा लावला की आपण तेच करत असतो.

आता माशाच्या बाजूने बघू. आपल्या टाक्यांत पोहणाऱ्या माशांना पापण्या नसतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. बहुतेक हाडाच्या माशांच्या बाहुलीला लहानमोठं होता येत नाही. रात्री आपण न्हाणीघराचा दिवा लावला की डोळे दिपतात, पण क्षणात बाहुली आकसते आणि निभावतं. माशाकडे ती सोय नाही. त्याच्या डोळ्यात आतल्या पडद्यावरच्या पेशी स्वतः जागा बदलतात. उजेडात मंद प्रकाशासाठीच्या पेशी काळ्या रंगद्रव्याच्या आड सरकतात आणि रंग बघणाऱ्या पेशी पुढे येतात, अंधारात उलट. ह्या सरकासरकीला अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. तेव्हा काळोख्या हॉलमध्ये टाकीवरचा पांढरा शुभ्र एलईडी खटकन लावला की मासे काचेवर का आपटतात, खड्यांत का घुसतात, ते कळतं. उपाय फुकटचा आहे. सकाळी आधी पडदा सरकवायचा किंवा खोलीची ट्यूब लावायची, टाकीचा दिवा नंतर. रात्री उलट क्रम: टाकी आधी, खोली नंतर. हळूहळू उजळणारे आणि मावळणारे दिवेही मिळतात. त्यांच्या खोक्यावरचा हा एक गुण मला पैसे मोजण्याजोगा वाटतो.

आणि डोळ्यांवर सगळं संपतही नाही. कार्ल फॉन फ्रिश हे नाव मधमाश्यांच्या नाचाशी जोडलेलं आहे, 1973 चं नोबेल त्यांना मिळालं. पण तरुणपणी हे गृहस्थ माशांच्या मागे होते. त्या काळी कार्ल फॉन हेस नावाचे नेत्रतज्ज्ञ ठासून सांगत होते की माशांना रंग दिसत नाहीत. फॉन फ्रिशनी मिनो नावाच्या छोट्या युरोपीय माशांना ठरावीक रंगापाशी खाणं द्यायची सवय लावली आणि ते त्याच रंगाकडे धावतात, तेवढ्याच उजळ करड्याकडे धावत नाहीत, हे दाखवून दिलं. त्याहून विलक्षण त्यांचा 1911 चा प्रयोग. आंधळ्या मिनोच्या डोक्यावर प्रकाश पाडला की त्याची कातडी गडद होते, डोकं झाकलं की फिकट. डोळे नसतानाही माशाला उजेड कळत होता, डोक्याच्या कवटीतून. तिथे, मेंदूच्या वरच्या अंगाला, पाइनियल ग्रंथी असते आणि माशांमध्ये ती थेट प्रकाश टिपते. दिवस किती मोठा, रात्र कधी झाली, हा हिशोब तिथे चालतो.

म्हणजे माशाला दिव्याकडून हवं काय? दिवस आणि रात्र. ठरलेल्या वेळी उजेड आणि ठरलेल्या वेळी खरा काळोख. खिडकीतून येणारा दिवसाचा साधा उजेड त्याला पुरेसा असतो. दिवाच नसलेल्या टाकीत गोल्डफिश वर्षानुवर्षं ठणठणीत राहू शकतात. चीनमध्ये शतकानुशतकं ते मातीच्या आणि चिनीमातीच्या भांड्यांत ठेवले गेले, वरून बघण्यासाठी. पाठीमागे ना काच, ना दिवा.

आपल्याला मात्र रंग हवेत, आणि फसवाफसवी इथेच सुरू होते. साडीच्या दुकानात जाणत्या बायका पसंत पडलेली साडी घेऊन दारापर्यंत येतात आणि बाहेरच्या उजेडात पदर धरून बघतात, कारण आतल्या दिव्यात राणी रंग कुठला आणि डाळिंबी कुठला ह्याचा भरवसा नसतो. मासे घेताना ही सोय नाही. दुकानातल्या टाकीवर गुलाबी नाहीतर निळसर दिवा असतो, त्यात लाल मासा पेटल्यासारखा दिसतो आणि नियॉन टेट्राची पट्टी विजेसारखी चमकते. घरी आणला की तोच मासा विटलेला वाटतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी दिवा बदलायला निघतो. कुर्ल्याला रविवारी सकाळी माशांचा बाजार भरतो. तिथे मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, उघड्यावर, दिवसाच्या उजेडात असतात. गर्दी, चिखल, ढकलाढकली सगळं मान्य, पण माशाचा खरा रंग तिथे दिसतो.

पांढऱ्या उजेडाच्या तापमानाचा आकडा खोक्यावर असतो, 6500 केल्व्हिन वगैरे. आपल्या घरातल्या 'कूल डेलाइट' ट्यूबवरही हाच आकडा असतो, आणि गोल्डफिशसारख्या लाल-नारंगी माशांना तो छान जातो. 10000 केल्व्हिनचा दिवा निळसर पडतो. पाणी स्फटिकासारखं दिसतं खरं, पण नारंगी रंग मळकट होतो, कारण त्या प्रकाशात लाल भागच कमी असतो आणि जे पडलंच नाही ते परत येणार कुठून. 3000 चा पिवळा दिवा लावला तर टाकी चहाच्या गाळासारखी वाटते असं आमच्या घरचं बहुमत आहे. मला स्वतःला तो फायटर माशावर आवडतो. त्याहून महत्त्वाचा आकडा सीआरआयचा, म्हणजे दिवा रंगांशी किती प्रामाणिक आहे त्याचा. 80 ठीक, 90 उत्तम. नेमका हाच आकडा स्वस्त रंगीत पट्ट्यांच्या खोक्यावर छापलेला नसतो. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिसळून केलेला पांढरा प्रकाश डोळ्याला पांढरा लागला तरी मधल्या रंगांवर अन्याय करतो, आणि गोल्डफिशचा सगळा रुबाब त्या मधल्या रंगांत आहे.

नियॉन टेट्राची गोष्ट निराळी. त्याच्या निळ्या पट्टीत निळं रंगद्रव्य नाहीच. कातडीच्या पेशींत ग्वानिनच्या पातळ स्फटिकांच्या चळती असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश निळा-हिरवा दिसतो. रात्री ह्या चळतींमधलं अंतर बदलतं आणि पट्टी जांभळट, निस्तेज होते. पहाटे उठून टाकीवर विजेरी मारणारे लोक मासा आजारी पडला म्हणून घाबरतात. थोडा वेळ दिला की रंग आपोआप परततो. त्याचाच भाऊबंद कार्डिनल टेट्रा ब्राझीलच्या रिओ नेग्रो नदीतला. तिथलं पाणी कुजलेल्या पानांमुळे काळ्या चहाच्या रंगाचं, वर जंगलाची सावली. ह्या माशाला आपण पांढऱ्या खड्यांवर, लख्ख दिव्याखाली ठेवतो आणि तो कोपऱ्यात दडला की 'लाजाळू आहे' म्हणतो. आपल्याकडे शाळांच्या मैदानांत, सोसायट्यांच्या आवारात देशी बदामाची झाडं असतात. त्याची वाळलेली तांबडी पानं धुऊन टाकीत सोडली की पाणी तसं होतं. दिवा तोच, पण मासे मोकळे होतात.

पांढऱ्या खड्यांबद्दल माझं मत वाईट आहे. खालून उजेड परतू लागला की कित्येक मासे स्वतःला फिकट करून घेतात, कातडीतल्या पेशींतलं काळं रंगद्रव्य मध्याकडे गोळा होतं. हे घडवून आणणारं संप्रेरक 1983 मध्ये साल्मन माशाच्या पियुषिका ग्रंथीतून वेगळं काढलं गेलं. पुढे तेच माणसाच्या मेंदूतही सापडलं, तिथे ते भुकेत आणि झोपेत लुडबुड करतं. म्हणजे महागडा दिवा घेऊन खाली पांढरे खडे पसरायचे हा उलटा उद्योग आहे. गडद वाळू आणि मागे काळा कागद लावला तर निम्म्या ताकदीच्या दिव्यात मासा दुप्पट खुलतो. दुसरं, गोल्डफिशसारख्या माशाला लाल-नारंगी रंग स्वतः बनवता येत नाही, तो कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांच्या रूपात खाण्यातूनच येतो. जे पोटात गेलं नाही ते कुठलाही दिवा कातडीवर आणू शकणार नाही.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. आग्नेय आशियात लाल अरोवाना पाळणारे हौशी लोक माशाला प्रखर दिव्यांखाली महिनोन्‌महिने ठेवून त्याचा रंग 'पिकवतात'. त्याला ते टॅनिंगच म्हणतात. ते लोण आपल्याकडच्या वास्तूवाल्या अरोवानांपर्यंत आलंय. रंग चढतो असं त्यांचं म्हणणं. त्या माशाला सावली शोधायला टाकीत एक पानही नसतं, ते मला बघवत नाही.

वास्तूचा विषय निघालाच आहे तर, पाण्याला ईशान्य दिशा सांगतात. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांची टाकी ईशान्येच्या खिडकीत आहे आणि सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर थेट पडतं. लक्ष्मी आली की नाही ते मी विचारलेलं नाही, शेवाळ मात्र भरभरून आलंय. बिनझाडाच्या टाकीत हे जास्त होतं, कारण माशांच्या विष्ठेतून तयार होणारं नायट्रेट खायला दुसरं कुणी नसतं. उजेड आणि खत दोन्ही मोकळं मिळालं की शेवाळ त्याचा फायदा घेणारच. दिवा दिवसाला सहा ते आठ तासच, ऊन थेट नको आणि पाणी वेळेवर बदलायचं. सकर मासा आणला की काच साफ राहते ही समजूत लोकप्रिय आहे. तो एवढासा मिळतो आणि फुटाच्या पुढे वाढतो, हे विकताना कुणी सांगत नाही.

पूर्वीच्या टाक्यांवर पत्र्याचं टोपण असे आणि आत 40 किंवा 60 वॉटचा पिवळा बल्ब. त्यातली बहुतेक वीज उष्णता व्हायची आणि पाणी तापायचं. मे महिन्यात तो बल्ब म्हणजे जुलूमच, कारण 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करतात ते बरेचदा ह्यामुळे. एलईडीने हा प्रश्न जवळपास मिटवला.

रात्रीच्या दिव्यावरून मात्र आमच्या घरात खरा पेच झाला. टाकीच्या दिव्याला मंद निळा 'मूनलाइट' होता आणि सासूबाईंना तो फार आवडायचा. रात्री उठावं लागलं की हॉलमधून जाताना त्यांना त्याचा आधार वाटायचा. मी तो बंद करायचं म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, चंद्र नसतो का नदीवर?" मुद्दा बिनतोड होता. पण उजेड लक्समध्ये मोजतात, आणि कोजागरीच्या चंद्राचाही उजेड जमिनीवर फार तर 0.3 लक्स भरतो. टाकीतला तो 'चंद्र' त्याच्या कैक पट प्रखर असतो, अमावास्या त्याला ठाऊक नसते आणि तो मावळतही नाही. युरोपातल्या पर्च माशांवर झालेल्या प्रयोगात रात्री 1 लक्स उजेडातही त्यांचं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, घटलेलं आढळलं. क्लाउनफिशवरचा 2019 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग तर चटका लावणारा आहे: रात्री कृत्रिम उजेडात ठेवलेल्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. दिवा काढल्यावर आली.

"आई, त्यांना झोप लागत नाही हो," एवढंच मी म्हटलं. ह्या एका वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, कारण झोप न लागणं म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भिंतीलगत, पायाशी, एक छोटा पिवळा दिवा बसवून दिला. टाकीवर आता रात्री काळोख असतो.

नवा दिवा घेतला तो 9 वॉटचा, 6500 केल्व्हिनचा, दोन फुटी, साधा पांढरा. आठ-नऊशे ल्युमेन उजेड येतो, 54 लिटरला तो भरपूर झाला. खरं तर हार्डवेअरच्या दुकानातली दोन फुटी एलईडी ट्यूब काचेच्या झाकणावर ठेवली तरी तेच काम होतं, आणि खर्च बराच कमी. फक्त ती पाण्यापासून लांब, काचेच्या वर हवी. झाकणाखाली बसवायचा दिवा असेल तर पाणी आत न शिरणारा, खोक्यावर आयपी67 किंवा 68 लिहिलेला बघून घ्यायचा, कारण झाकणाच्या आत कायम दव धरलेलं असतं. वायर सॉकेटकडे नेताना मध्ये खाली झोळ सोडायचा, म्हणजे थेंब वायरवरून ओघळत सॉकेटात न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतो. आणि घरात ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, नसेल तर दिव्याआधी ते. टायमर लावला आहे, दुपारी तीन ते रात्री दहा. दिवसभर घरात बघायला कुणी नसतं तर दिवा जाळायचा कशाला, खिडकी आहे. महिन्याला दोन युनिटही होत नाहीत. अहोंना खर्चाचा आकडा पटला, रंगाचा नाही. त्यांना अजून वाटतं की टाकी 'थोडी फिकी' दिसते.

दिवाळीत भाचा आला तो रंग बदलणारी पट्टी घेऊन. मामाने लगेच ती टाकीच्या मागच्या काचेला आडवी चिकटवून दिली. वरचा दिवा घालवला, हॉलची ट्यूब घालवली, रिमोटवर लाल, हिरवं, जांभळं सुरू झालं. गोल्डफिश थोडा वेळ गोंधळले आणि मग हळूहळू एका अंगावर कलून पोहू लागले, पाठ पट्टीकडे करून. माशाला वर कुठे ते दोन गोष्टींवरून कळतं, कानातल्या तोलाच्या दगडावरून आणि उजेड कुठून येतो त्यावरून. एरिक फॉन होल्स्ट ह्यांनी 1935 मध्ये हे प्रयोगांनी मांडलं, पुढे एंजल माशांवरही त्यांनी ह्याचे बारकावे तपासले. उजेड बाजूने आला की दोन्ही साक्षी जुळत नाहीत आणि मासा मधला मार्ग काढतो, तिरका होतो. हे सगळं मी भाच्याला समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, रिमोटचं बटण पुन्हा दाबलं आणि म्हणाला, "मामी, पण नाचतायत की!"

भाऊबीज होईपर्यंत रोज संध्याकाळी अर्धा तास पट्टी चालेल, असा तह झाला. वरचा दिवाही सोबत चालू ठेवायचा, ही माझी अट. मामाने ती मान्य केली आहे, भाच्याशी बोलणी चालू आहेत.